पँट ‘बसते’ म्हणजे काय? आसनाचा तीन हजार वर्षांचा इतिहास

१/
गेल्या वैशाखात चुलतबहिणीच्या लग्नात पंगतीला मांडी घालून बसलो आणि नवी कोरी ‘स्लिम फिट’ पँट मागून उसवली. वरणभात वाढून होईपर्यंत मी उठलो नाही. पंगत संपली तरी बसूनच राहिलो. अखेर मावशीने शेला आणून दिला. सर्वांनी निष्कर्ष एकच काढला : ‘तुझे वजन वाढले.’ इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे मला हा निष्कर्ष पुराव्याविना मान्य झाला नाही. हा धागा त्या पुराव्याच्या शोधाचा आहे.

२/
दुसऱ्या दिवशी ती पँट घेऊन आमच्या मांजरीच्या गावठाणातील शिंपीकाकांकडे गेलो. त्यांनी ती उलटी केली, मधल्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “पोटाचा दोष नाही रे. आसन कमी आहे. आणि माया तर ठेवलेलीच नाही.” शिंप्याच्या भाषेत दोन मांड्यांच्या मध्ये, बैठकीपाशी येणारा पँटचा भाग म्हणजे आसन. शिवणीच्या आत राखून ठेवलेले जास्तीचे कापड म्हणजे माया. पुढील सारे विवेचन या दोन शब्दांभोवती फिरणार आहे.

३/
प्रथम एक प्रश्न : माणसाने दोन पाय वेगवेगळे झाकणारे वस्त्र शिवलेच का? अंगाभोवती कापड गुंडाळणे सोपे होते; इजिप्त, ग्रीस, रोम आणि आपला देश शतकानुशतके तेच करीत आले. याचे सर्वाधिक मान्य उत्तर घोड्याकडे नेते. घोड्यावर दिवसभर मांड टाकून बसायचे, तर मांड्यांची आतली त्वचा वाचवणारे आणि पाय फाकल्यावर न फाटणारे वस्त्र हवे. आमच्या हडपसर-मांजरी पट्ट्यात शर्यतीच्या घोड्यांचे स्टड फार्म आहेत. तिथे घोडा फिरवणाऱ्या कोणालाही विचारा. हे तो एका वाक्यात सांगेल.

४/
मध्य आशियातील तुर्फानजवळ यांगहाई येथील दफनभूमीत लोकरी विजारी सापडल्या. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी तेरावे ते दहावे शतक, म्हणजे त्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. त्यांवरील सविस्तर संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. या विजारी कापड कापून शिवलेल्या नाहीत. प्रत्येक पाय मागावरच हव्या त्या आकारात विणला आहे आणि दोन पायांच्या मध्ये तिसरा, पायऱ्यापायऱ्यांनी मध्यभागी रुंदावत जाणारा तुकडा जोडला आहे. हा तिसरा तुकडा म्हणजेच आसन. ती विजार विणणाऱ्याला जे उमगले होते, ते माझी पँट कापणाऱ्या कारखान्याने वगळले होते.

५/
हे वस्त्र भारतात इंग्रजांनी आणले, असा एक समज आहे. ते मध्ययुगातच प्रथम आले, असा दुसरा. दोन्ही समज पुराव्यापुढे टिकत नाहीत. पर्सेपोलिसच्या शिल्पांत टोकदार टोप्यांचे शक विजारी घातलेले दिसतात. कुषाण सम्राट कनिष्क आपल्या नाण्यांवर लांब कोट आणि विजार घालून उभा आहे. शकांचा एक वंश, क्षहरात क्षत्रप, पुढे आपल्या दाराशीच नांदला. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आजही वाचता येतात. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही शिवलेली वस्त्रे आहेत. सुई आणि शिवण आपल्याला परकी नव्हती.

६/
मग आपल्याकडे बहुसंख्य पुरुष धोतरच का नेसत राहिले? माझ्या मते, कारण त्यांना तक्रार करण्याजोगे काही आढळले नाही. धोतर म्हणजे साधारण चार-पाच मीटरचे अखंड कापड. निऱ्या पुढे खोचल्या, कासोटा मागे खोचला, की दोन्ही पाय मोकळे. दुटांगी धोतर तर जवळजवळ विजारच. फक्त ती रोज सकाळी नव्याने घडवायची. वाढलेले पोट, बारीक झालेली मांडी, आजारपणानंतर उतरलेले अंग, सगळे त्याच कापडात सामावते. धोतराला माप नसते, त्यामुळे धोतर नेसणाऱ्याला ‘तुझे शरीर मापात नाही’ असे कोणी म्हणू शकत नाही.

७/
तरीही मराठी भाषेत शिवलेल्या अधोवस्त्रांची नावे मोजा : विजार, सुरवार, तुमान, चोळणा, पायजमा, लेंगा, पाटलोण, पँट. प्रत्येक शब्दामागे एक प्रवास आहे. ‘पायजमा’ फारसी, अर्थ ‘पायाचे वस्त्र’. ‘सुरवार’ म्हणजे फारसी शलवार. ‘पाटलोण’ इंग्रजी पँटलूनचे मराठी रूप. तो शब्द इटालियन विनोदी नाट्यातील पांतालोने नावाच्या म्हाताऱ्या पात्रापासून आलेला. सर्वांत गमतीची आहे ‘विजार’. मूळ अरबी ‘इझार’ म्हणजे कमरेला गुंडाळायचे, न शिवलेले वस्त्र. आपल्यापर्यंत येता येता त्या शब्दाला दोन पाय फुटले.

८/
चोळणा म्हणजे आखूड विजार. घोडेस्वार आणि शिपाईगडी यांच्याशी हा शब्द जोडलेला आहे. शिवकालीन आणि पेशवेकालीन दरबारी चित्रांत मात्र जामा किंवा अंगरख्याखाली पायाला चिकटून उतरणारी सुरवार दिसते. पोटऱ्यांशी ती इतकी तंग असते, की आजच्या ‘स्किनी’ पँटने लाजावे. मग ती घालून माणसे गालिच्यावर मांडी घालून तासन् तास बसत कशी? उत्तर पुन्हा तेच : पोटरीशी तंग, पण वर घेर. मधोमध पतंगाच्या आकाराचा वेगळा तुकडा. कमरेला नेफा आणि नाडी. जिथे शोभा हवी तिथे तंग आणि जिथे हालचाल हवी तिथे सैल, हा त्या बेतण्याचा नियम होता.

९/
याच तत्त्वाचा जगभर गाजलेला नमुना म्हणजे जोधपुरी ब्रीचेस. मांडीशी फुगीर, गुडघ्याखाली घट्ट. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवासाठी जोधपूरचे सर प्रताप सिंह लंडनला गेले आणि त्यांच्या पोलो संघाबरोबर ही तऱ्हा तिथे पोहोचली. इंग्रज घोडेस्वारांनी ती उचलली, कारण ती दिसायला डौलदार होती आणि घोड्यावर बसल्यावर आवळतही नव्हती. ‘सोय हवी तर शोभा सोडा’ असे बजावणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला हे उदाहरण सांगावे.

१०/
१८१८ मध्ये पेशवाई संपली. पुण्याच्या पूर्वेस कॅम्प विस्तारला आणि त्याबरोबर इंग्रजी धाटणीची पाटलोण आपल्या परिसरात स्थिरावली. ही पाटलोण निराळ्या जगासाठी बेतलेली होती. ते जग खुर्चीचे होते. खुर्चीवर बसताना गुडघे काटकोनात वाकतात, मांड्या समांतर राहतात. मांडी घालताना मांड्या बाहेर वळतात आणि सगळा ताण मधल्या शिवणीवर येतो. खुर्चीसाठी बेतलेल्या वस्त्राला वेगळा आसनाचा तुकडा लागत नाही. पाटलोण आली तेव्हा तिच्यासोबत बसण्याची एक पद्धतही आली. आपण वस्त्र पूर्ण स्वीकारले, बसण्याची पद्धत अर्धीच. आणि पंगतीत फाटली ती या अर्धवटपणाची शिवण.

११/
एकोणिसाव्या शतकातील पुणेरी सुशिक्षितांनी यावर तडजोड काढली : वर कोट, खाली धोतर, डोक्यावर पगडी. रानडे, टिळक, गोखले यांची छायाचित्रे आठवा. वरचे अंग कचेरीत, खालचे घरात. या तडजोडीला आज हसणे सोपे आहे. परंतु दिवसाचा अर्धा वेळ बैठकीवर काढणाऱ्या माणसासाठी ती अतिशय व्यवहार्य होती. वेषाचा प्रश्न त्या पिढीला क्षुल्लक वाटत नव्हता. ‘सुधारक’कार आगरकरांनी स्त्रियांनी जाकिटे घालावीत, या विषयावर निबंध लिहिला तो उगाच नव्हे.

१२/
“इतिहासाच्या धाग्यात पँट कशाला?” असे विचारणाऱ्यांसाठी दोन प्रसंग. २ मार्च १८८८ : पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. जोतीराव फुले तिथे गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि शेतकऱ्यांच्या शिक्षणाचा प्रश्न मांडला. डिसेंबर १९२७ : महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले, की ज्या नेसण्यावरून जात ओळखू येते ते नेसणे सोडा. एकाने दारिद्र्य दिसावे म्हणून वेष केला. दुसऱ्याने अपमानाची खूण पुसली जावी म्हणून वेष बदलायला सांगितला.

१३/
१९२१ मध्ये मदुराईत गांधीजींनी पंचा पत्करला. बाबासाहेब मात्र सुटात वावरत राहिले. ज्यांना शतकानुशतके ‘काय घालायचे नाही’ हे गावाने सांगितले, त्यांच्यासाठी नीट बेतलेला सूट हे हक्काचे विधान होते. बाबासाहेबांची छायाचित्रे शिंप्याच्या नजरेने पाहा : पाटलोण सैलसर आहे, कंबर उंच आहे, पायाची घडी सरळ उतरते. रुबाबासाठी अंग आवळावे लागत नाही, हे त्या छायाचित्रांतून मी शिकलो.

१४/
आता जीन्सकडे. जाडेभरडे सुती कापड, ज्याला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात, ते नाव आपल्याकडच्या ‘डुंगरी’ कापडावरून गेले आणि त्याचा संबंध मुंबईच्या डोंगरीशी जोडला जातो. ते कष्टकऱ्यांचे आणि खलाशांचे कापड. पुढे अमेरिकेत रेनो येथील जेकब डेव्हिस या शिंप्याकडे एका लाकूडतोड्याच्या बायकोने नवऱ्यासाठी न फाटणारी पँट मागितली. त्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले. २० मे १८७३ रोजी त्याला आणि लेव्ही स्ट्रॉसला त्याचे पेटंट मिळाले. कुठे फाटते, हे पाहून तिथे मजबुती देणारा तो शिंपी होता. जगातील सर्वांत खपाच्या पँटचा उगम एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीत आहे, हे विसरू नये.

१५/
मग मापाचे आकडे आले कुठून? १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला लाखो गणवेश हवे होते. एकेकाचे माप घेणे अशक्य. सैनिकांच्या मापांवरून ठरावीक आकार बसवले गेले आणि पुढे तेच तंत्र तयार कपड्यांच्या बाजारात आले. म्हणजे ३०, ३२, ३४ या आकड्यांच्या मुळाशी फौजेची घाई आहे. आपल्या लोकांच्या अंगाची अशी देशव्यापी मोजणी फार उशिरा सुरू झाली : २०१८ मध्ये निफ्टच्या ‘इंडियासाइज’ प्रकल्पाची घोषणा झाली; सहा शहरांत १५ ते ६५ वयोगटातील सुमारे २५,००० माणसांची मापे घेण्याचे त्यात ठरले. तोवर आपण दुसऱ्यांच्या अंगाच्या मापात स्वतःला कोंबत होतो आणि मावले नाही की लाजत होतो.

१६/
आपल्या वडिलांच्या पिढीने ही लाज फारशी अनुभवली नाही, कारण त्यांची पँट शिंपी शिवत असे. लग्नाच्या आहेरात पँटपीस येई, टेरिकॉटचा असला तर विशेष कौतुक. तो शिंप्याकडे जाई. लांबी, कंबर, सीट, मांडी, गुडघा, मोहरी अशी मापे वहीत उतरत. मागच्या शिवणीत इंच-दीड इंच माया राहत असे. कंबर वाढली, की तीच पँट उसवून सैल होई. माझ्या बाबांच्या लग्नातली पँट त्यांनी तीनदा सैल करून बारा वर्षे वापरली. तयार पँटमध्ये ही माया वाचवली जाते. लाखभर पँटींमागे इंचभर कापड म्हणजे मोठी बचत. ती बचत कारखान्याच्या खात्यात जमा होते आणि खर्च तुमच्या-माझ्या पंगतीत पडतो.

१७/
माया आणि आसन दोन्ही गेल्यावर उद्योगाने उपाय शोधला तो ताणला जाणारा धागा. १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स शोधला. आज पँटच्या आतल्या पट्टीवर ‘इलास्टेन २ टक्के’ लिहिलेले दिसते ते हेच. त्याने सोय झाली, हे मी नाकारत नाही. पण ताण देणारा धागा उन्हाने, धुण्याने थकतो आणि गुडघ्यावर फुगे येतात. जे काम बेतण्यातील कौशल्य करीत होते, ते आता धाग्याकडून करून घेतले जाते. आणि धागा मेला की दुरुस्ती नाही, नवी खरेदी आहे. माझे मत स्पष्ट आहे : ही प्रगती अर्धी आहे.

१८/
आक्षेप येणार, तो मीच मांडतो. शिवून घेणे महाग पडते. खरे आहे. कापड आणि शिलाई मिळून जो खर्च येतो, त्यात सेलमधल्या दोन तयार पँटी येतात. शिष्यवृत्तीवर जगणारा मीही तयारच घेतो. त्यामुळे ‘सगळे धोतराकडे परत चला’ किंवा ‘तयार कपड्यांवर बहिष्कार’ असले काही मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की निवड करताना तीन हजार वर्षांचे शहाणपण सोबत घ्या.

१९/
ते शहाणपण दुकानात असे वापरावे. (अ) कमरेच्या आकड्यावर पँट निवडू नका. सीट आणि मांडीवर निवडा. कंबर आत घेता येते, पण माया नसेल तर मांडी सैल करता येत नाही. (आ) आरशासमोर उभे राहून थांबू नका. ट्रायल रूममध्ये उकिडवे बसा, शक्य तर मांडी घाला. मागची पट्टी खाली ओढली गेली तर आसन कमी आहे. (इ) खिसे कानांसारखे बाहेर आले, तर सीट तंग आहे. (ई) पुढे मांड्यांच्या सांध्यातून मिशांसारख्या आडव्या सुरकुत्या फुटल्या, तरी तेच. (उ) मागे मांडीवर सैल घड्या लोंबत असतील, तर पँट अंगाला मोठी आहे.

२०/
(ऊ) गुडघ्याखाली थोडी निमुळती आणि मांडीशी मोकळी पँट बहुतेकांना शोभते. सुरवार आणि जोधपुरी दोन्ही हेच सांगतात. (ए) लांबी नेहमी शिंप्याकडूनच ठरवा, बुटावर एकच हलकी मोड पडेल एवढी. (ऐ) गडावर जाणाऱ्यांनो, खरेदी करताना आसनात वेगळा तुकडा जोडलेली पँट मागा. गिर्यारोहणाच्या पँटींत तो असतो. राजगडाची चढण स्किनी जीन्समध्ये चढून ‘मावळ्यांसारखे चढलो’ अशी पोस्ट टाकणे हा इतिहासावर आणि गुडघ्यांवर सारखाच अन्याय आहे.

२१/
शिंपीकाकांनी माझ्या पँटचे काय केले? मोहरीच्या आतल्या दुमडीतून थोडे कापड काढले, त्याचा पतंगाच्या आकाराचा तुकडा बेतला आणि आसनात बसवला. यांगहाईचे नावही न ऐकलेल्या माणसाने तीन हजार वर्षांपूर्वीचा उपाय पंधरा मिनिटांत माझ्यासमोर करून दाखवला. हे ज्ञान त्यांना वडिलांकडून आले, वडिलांना आजोबांकडून. ज्या परंपरेने आपल्याला संत नामदेवांसारखा शिंपी दिला, तिचे हे हातातले ज्ञान आहे आणि ते कोणत्याही दफ्तरात नोंदलेले नाही.

२२/
मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. शेतांच्या जागी इमारती उठत आहेत आणि रोज सकाळी मगरपट्ट्याकडे निघणारी सगळी तरुण मंडळी तयार पँटीत असते. काकांकडे आता नवी पँट शिवायला क्वचितच कोणी येते. लांबी कमी करणे, चेन बदलणे यावर दुकान चालते. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही. काकांचे दुकान बंद झाले, तर गावात पँट विकत मिळणे थांबणार नाही. मात्र ‘पोटाचा दोष नाही रे, आसन कमी आहे’ असे सांगणारे कोणी उरणार नाही आणि प्रत्येक फाटलेल्या शिवणीसाठी आपण आपल्याच शरीराला दोष देत राहू.

२३/
म्हणून एक विनंती. आपण मोडी शिकतो, वीरगळ शोधतो, ताम्रपट वाचतो. या सुट्टीत आपापल्या गावातील एका शिंप्याकडे अर्धा तास बसा. त्यांच्या मापाच्या वहीची, शब्दांची, बेतण्याच्या रीतीची नोंद करा. आसन, माया, नेफा, कळी, मोहरी यांना तुमच्या भागात काय म्हणतात, ते खाली लिहा. खानदेश, वऱ्हाड, कोकण, बेळगाव, सगळीकडचे शब्द हवे आहेत. आलेल्या शब्दांचा कोश करून पुढच्या धाग्यात देईन.

२४/
आणि हो, ती दुरुस्त पँट घालून परवा दुसऱ्या एका लग्नात गेलो होतो. पंगतीत मांडी घालून बसलो आणि जिलेबी दोनदा मागून घेतली.

धागा समाप्त.